घटाची हिरवळ आणि गोठ्याचा हिशेब



नवरात्रात आपण घरोघर घट बसवतो. पत्रावळीवर काळी माती पसरायची, तीत गहू, ज्वारी, मका असे धान्य पेरायचे आणि मधे पाण्याने भरलेले मातीचे मडके ठेवायचे. मडके पाझरते, माती ओली राहते आणि देवघराच्या अंधारात नऊ दिवसांत ते धान वीतभर उंच होते. दसऱ्याला तेच पिवळसर तुरे टोपीत खोवून घरातली माणसे सोने द्यायला निघतात. ना ऊन, ना खत, ना वाफा, तरी धान उगवते. आज ज्या चाऱ्याविषयी लिहायचे आहे तो म्हणजे हाच घट; फक्त त्यातली माती काढून टाकलेली.

निमित्त एका वाचक भगिनीच्या पत्राचे आहे. त्यांच्या घरी दोन संकरित गाई, चार शेळ्या आणि बारा गावठी कोंबड्या. विहिरीने माघातच तळ गाठला. अशात त्यांच्या मालकांनी तालुक्याच्या गावी एका प्रदर्शनात एक लोखंडी कपाट पाहिले. त्यात ट्रेचे खण, पाणी शिंपडायला बारीक नळ्या आणि मोटार. विकणारा म्हणाला, "१ किलो मका टाका, आठ दिवसांनी १० किलो हिरवा चारा काढा. जमीन नको, मजूर नको." बचत गटाचे कर्ज काढून ते कपाट घ्यावे, असे घरात चालले आहे. कर्ज ताईंच्याच नावावर निघणार. त्या विचारतात, "घ्यावे का? कडब्याचा खर्च खरेच वाचेल का?"

ताई, उत्तर आधी सांगते आणि कारणे मागून. कोंबड्यांसाठी आज संध्याकाळीच दोन मुठी गहू भिजत घाला. शेळ्यांसाठीही थोडे करून पाहा. पण गाईंचा चारा यातून निघेल या आशेवर कर्ज काढू नका.

वाढते ते वजन कशाचे?

आपण मटकी भिजवतो. वाटीभर मटकीची मोड आल्यावर दोन-अडीच वाट्या होते. पण म्हणून घरातल्यांना भाकरी कमी लागते का? मटकी फुगली ती पाण्याने. चाऱ्याचेही तसेच आहे.

वाळलेल्या १ किलो मक्यात साधारण ९०० ग्रॅम कोरडा अंश असतो, बाकीची ओल. हा मका नीट उगवला तर आठव्या दिवशी ५ ते ६ किलो चारा मिळतो. १० किलो मिळाला असे कोणी म्हणाला, तर त्याने चारा निथळू न देता काट्यावर ठेवला का, हे आधी विचारा. आता या साडेपाच किलो चाऱ्यात १०० भागांत ८५-८६ भाग पाणी आणि १४-१५ भाग कोरडा अंश असतो. म्हणजे कोरडा अंश सुमारे ७७० ते ८०० ग्रॅम. आपण घातले होते ९००!

मग शंभर-सव्वाशे ग्रॅम गेले कुठे? ते दाण्यानेच खाल्ले. दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो. मोड फुटताना तो आपल्यातला पिठाचा साठा जाळतो आणि त्यावर कोंब उभा करतो. पान हिरवे होऊन स्वतःचे अन्न पुरेसे बनवू लागण्याआधीच आपण ते कापून गुरांपुढे टाकतो. म्हणून या चाऱ्यात अन्नाचा साठा वाढत नाही, थोडा घटतोच.

तर मग फायदा काहीच नाही का? आहे, पण तो वेगळा आहे. मोड येताना पिठाची साखर होऊ लागते, दाणा मऊ व पचायला हलका होतो. कोवळ्या पानात अ जीवनसत्त्व देणारे द्रव्य तयार होते, ई जीवनसत्त्व वाढते. प्रथिनांचे प्रमाणही वाढलेले दिसते. मात्र त्याचे मोठे कारण पीठ जळून गेले हे आहे. थोडक्यात, मोडाचा चारा ही जेवणातली कोशिंबीर आहे. कोशिंबिरीने जेवणाला गोडी येते, अंगाला गुण येतो. पण कोशिंबिरीवर औत ओढणारा गडी पोसता येत नाही.

आमच्या घरी काय झाले

हे पुस्तकातून सांगत नाही. २०१८ साली आमच्या भागात पावसाने दगा दिला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात ठिकठिकाणी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. कडब्याचा भाव ऐकून पोटात गोळा येई. मुलाने परसात बांबूचा मांडव घातला, त्यावर हिरवी जाळी टाकली आणि भोके पाडलेल्या ट्रेमध्ये मका उगवला. तो हिरवागार गालिचा पाहून मला इतका हुरूप आला की गाईचा कडबा मीच निम्म्यावर आणला.

गाईने चारा आवडीने खाल्ला. चौथ्या-पाचव्या दिवशी शेण पातळ झाले. रवंथ कमी झाली. आठवडा सरतो तोच डेअरीवर फॅट उतरली. गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी औषधाची पिशवी उघडण्याआधी गव्हाणीत डोकावून विचारले, "काकू, कोरडी वैरण कुठे आहे?"

मला उत्तर देता आले नाही. गाय रवंथ करते ती कोरड्या, तंतू असलेल्या वैरणीमुळे. रवंथीने लाळ सुटते आणि लाळेने पोटातला आंबटपणा आटोक्यात राहतो. दुधातली फॅटही बरीचशी त्या तंतूंवरच तयार होते. मी गाईचे पोट पाण्याने भरत होते आणि हिरवा रंग पाहून समाधान मानत होते. कडबा पूर्ववत केला आणि काही दिवसांत गाय सावरली. चूक चाऱ्याची नव्हती, माझी होती.

गाईंचा हिशेब

आता ताई, तुमच्या दोन गाईंचा हिशेब मांडू. ४०० किलो वजनाच्या दुभत्या गाईला दिवसाला १० ते १२ किलो कोरडा अंश पोटात जावा लागतो. दोघींना मिळून २० किलोंच्या वर. दोघींना रोज २० किलो मोडाचा चारा द्यायचा म्हटला तर रोज साडेतीन-पावणेचार किलो मका लागेल, म्हणजे महिन्याला एक क्विंटलाहून जास्त. आणि त्या २० किलोंतून कोरडा अंश मिळणार जेमतेम ३ किलो. उरलेल्या सतरा किलोंसाठी कडबा, कुट्टी, पेंड हे सारे लागणारच. खर्च वाचला कुठे?

तोच मका भरडून दिला असता तर थोडे जास्तच पोटात गेले असते, आणि ट्रे, मोटार, वीज यांचा खर्चही नसता. कपाटाचा हप्ता मात्र दर महिन्याला येणार, वीज असो वा नसो. दुपारी वीज गेली आणि पाणी शिंपायचे राहिले, तर उन्हाळ्यात ट्रे वाळतात किंवा आतून तापतात.

हा चारा गाईंना देऊच नये असे मात्र म्हणत नाही. गोव्यात जुने गोवे येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या केंद्रात मक्याच्या अशा चाऱ्यावर बरेच काम झाले आहे. तिथेही १ किलो मक्यापासून साडेपाच किलोंच्या आसपासच चारा धरला जातो, आणि तो वैरणीच्या जोडीने द्यायचा असतो. जिथे गवत लावायला गुंठाभर जमीनच नाही, किंवा दुसरा कसलाही हिरवा चारा मिळत नाही, तिथे त्याचा उपयोग आहे. गाय नुकतीच आजारातून उठली असेल, तिच्या तोंडाची चव गेली असेल, तर ४-५ किलो चारा कडब्याच्या कुट्टीत कालवून द्या. कोरडी कुट्टी ती चाटूनपुसून खाईल. एवढ्या चाऱ्याला किलोभर मका लागतो. तो मका रोजच्या भरड्यातून कमी करा, कडब्यातून नव्हे. आणि पहिल्या दिवशी पाटीभर टाकू नका. ओंजळीपासून सुरुवात करून आठ दिवसांत वाढवत न्या.

कोंबड्यांना मात्र जरूर

मोठी कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य खाते. तिला १५-२० ग्रॅम मोड मिळाले तरी पुष्कळ झाले. बारा कोंबड्यांना पाव किलो मोड पुरतात आणि त्याला दोन मुठी गहू लागतात. यासाठी ना कपाट हवे ना कर्ज.

उन्हाळ्यात परसातले गवत करपून जाते, कोंबड्यांना हिरवे टोचायला काही राहत नाही. अंड्याचा बलक फिकट पडतो. उन्हामुळे खुराड्यात कोंडल्या की त्या एकमेकींची पिसे उपटू लागतात. हिरव्या मोडांचा गालिचा टांगून ठेवा. बलकाला रंग येतो, आणि दुपारभर टोचायला काम मिळाल्याने भांडणेही थांबतात.

मात्र नेहमीचे खाद्य आणि शिंपल्यांचा चुरा बंद करू नका. अंड्याचे कवच मोडांतून तयार होत नाही. पिलांना पहिला महिनाभर हे देऊ नये. मोठ्या कोंबड्यांनाही दोन-तीन बोटे उंचीचेच मोड द्यावेत. फार लांब वाढलेले दोरीसारखे कोंब गळ्याखालच्या पिशवीत गुंतून ती तुंबते.

करायचे कसे?

कोंबड्यांसाठी गहू सोयीचा. दाणा त्यांच्या चोचीला बरोबर. संध्याकाळी दोन मुठी गहू निवडून तीन-चार पाण्यांनी धुवा. तरंगणारे, किडके, फुटके दाणे काढून टाका. फुटका दाणा उगवत नाही, तो नासतो आणि शेजारच्याला नासवतो. रात्रभर भिजवा. सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधून ठेवा. दुसऱ्या दिवशी पांढरे टोक दिसले की तळाला भोके असलेल्या टोपलीत किंवा ट्रेमध्ये पातळ पसरा. थर अर्ध्या बोटाहून जाड नको. जाड थर आतून तापतो. टोपली शेणाने सारवलेली नसावी. सारवलेल्या टोपलीला ओल लागली की मोडांत घाण उतरते.

दिवसातून चार-पाच वेळा हाताने पाणी शिंपडा. पाणी पिण्याचे असते तसे स्वच्छ हवे, आणि ते निथळून गेले पाहिजे. म्हणून टोपली एका बाजूने थोडी कलती ठेवा. खाली पडलेले पाणी फुलझाडांना घाला, पुन्हा शिंपायला घेऊ नका. ऊन नको, शेवटचे दोन दिवस दारातला उजेड पुरे. पाचव्या-सहाव्या दिवशी मुळ्यांसकट सारा गालिचा हाताने फाडून कोंबड्यांपुढे टाका. अशा सहा टोपल्या रोज एक याप्रमाणे ओळीने लावल्या की रोज एक तयार होते.

शेळ्यांसाठी मका घ्या. तो बारा तास किंवा थोडा अधिक वेळ भिजवा, मग एक दिवस ओल्या गोणपाटात गुंडाळा. तीन फूट बाय दोन फुटांच्या ट्रेला सुमारे २ किलो मका पुरतो. आठव्या दिवशी कोंब वीतभर होतात. त्यापुढे ठेवण्यात लाभ नाही. एका शेळीला अर्धा किलो पुरे, तोही झाडपाला आणि कोरड्या वैरणीच्या जोडीने.

नाकाने पाहावे

या कामातला खरा शत्रू बुरशी. मोडांना २० ते २५ अंशांचा गारवा मानवतो. म्हणजे ज्या वैशाखात आपल्याला हिरव्याची सर्वांत जास्त गरज, त्याच वैशाखात ते नासायची भीती सर्वांत जास्त. पावसाळ्यात हवा दमट, तेव्हाही तेच. म्हणून पिण्याच्या पाण्याचा माठ जिथे ठेवता तशी घरातली गार जागा निवडा. बाजूला ओले गोणपाट टांगा, पण वारा खेळता राहू द्या.

आमची पहिली टोपली सासूबाईंनी नाकाजवळ नेली आणि सरळ उकिरड्याकडे निघाल्या. मी म्हटले, "आत्याबाई, वरून तर हिरवीगार आहे!" त्यांनी गालिचा उलटा करून दाखवला. मुळ्यांत राखी जाळे पसरले होते. त्या म्हणाल्या, "जे आपण खाणार नाही ते मुक्या जिवाला कशाला?" उकिरड्यावर टाकून त्यांनी वर मातीही ओढली, कोंबड्यांनी उकरू नये म्हणून.

पुष्कळजणी मुळ्यांवरची पांढरी लव पाहूनच घाबरतात. ती बुरशी नव्हे. लव प्रत्येक मुळीला चिकटून, सारखी असते आणि पाणी शिंपडले की बसते. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाते, राखी, हिरवी किंवा काळी पडते, आणि तिला कुबट वास येतो. चांगल्या मोडांना काकडीसारखा ताजा वास असतो. बुरशी दिसली तर तेवढा तुकडा काढून बाकीचा वापरू नका. सारी टोपली फेका. मक्यावरच्या काही बुरशींचे विष गाईच्या दुधात उतरते, आणि ते दूध आपली लेकरेच पितात. काही बुरशींनी जनावराला कापरे भरते, मागच्या पायांतली ताकद जाते. दर खेपेनंतर ट्रे ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा.

दोन गोष्टी कधीही करू नका

पहिली, पेरणीचे बियाणे वापरू नका. दुकानातल्या पिशवीतले लाल, गुलाबी, हिरवे दिसणारे बियाणे औषध चोळलेले असते. ते कितीही धुतले तरी खाण्याजोगे होत नाही. उरलेले बियाणे वाया जाईल म्हणून कोंबड्यांना घालाल, तर कोंबड्या जातील.

दुसरी, ज्वारीचे मोड घालू नका. कोवळ्या ज्वारीच्या पोंग्यात विष असते. ते खाऊन जनावराला किराळ लागते, धाप लागते, अंग थरथरते आणि बघता बघता जनावर आडवे होते, हे आपल्याकडे जाणत्यांना ठाऊक आहे. घटातले ज्वारीचे तुरे टोपीत शोभतात, गव्हाणीत नाही.

शेवटचा हिशेब वेळेचा

ताई, एक गोष्ट कपाट विकणारा सांगत नाही. "मजूर नको" म्हणतो, पण दाणा निवडणे, धुणे, भिजवणे, ट्रे घासणे हे कोण करणार? मोटार बंद पडली की दिवसातून पाच-सहा वेळा पाणी कोण शिंपणार? ते काम घरातल्या बाईकडेच येते आणि वहीत त्याची मजुरी कधी लिहिली जात नाही. १ किलो चाऱ्याला दोन-तीन लिटर पाणी लागते. शेतातल्या चाऱ्याच्या मानाने ते थोडे खरे. पण विहीर आटलेल्या घरात ते पाणीही कोणाच्या तरी डोईवरूनच येते.

म्हणून कर्जाच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी मालकांना एवढेच सांगा: महिनाभर घरच्या दोन ट्रेवर करून पाहू. एका वहीत रोज लिहा: दाणा किती घातला, निथळल्यावर चारा किती भरला, पाणी किती लागले, किती फेकावा लागला, आणि कोणाचा किती वेळ गेला. महिन्याअखेरीस ती वही दोघांनी मिळून वाचा. वही जे सांगेल ते ऐका, माझेही ऐकू नका.

गाईंसाठी पैसा घालायचाच असेल तर आधी कडबाकुट्टीचे पाहा. अखंड कडबा टाकला तर बुडखे गव्हाणीत राहतात, कुट्टी केली तर वाया जात नाही. मोरीचे आणि गोठा धुतल्याचे पाणी जिथे जाते तिथे हत्ती गवताची ठोंबे लावा. पुढच्या पावसाळ्यात मका चिकात असताना मुरघास भरा. हे तिन्ही उपाय दिसायला हिरव्या गालिच्याइतके नवलाचे नाहीत, पण गाईचे पोट त्यांनीच भरते.

आणि कोंबड्यांच्या टोपल्या मात्र चालू ठेवा. ते काम घरातल्या मुलांकडे सोपवा. दाणा कसा फुगतो, मूळ आधी येते की कोंब, हे शाळेच्या पुस्तकापेक्षा टोपलीत लवकर समजते. सकाळी बलक पिवळाधमक निघाला की त्यांनाही आपल्या कष्टाचे मोल कळेल.

पुढच्या खेपेस उन्हाळ्यात कोंबड्यांच्या पाण्याची व सावलीची व्यवस्था कशी ठेवावी, हे पाहू. तोवर आपापले अनुभव, फसलेलेसुद्धा, जरूर कळवा. फसलेला अनुभव दुसऱ्याचे घर वाचवतो.